बास्केटबॉलचा जंप शॉट शिकायचाय? आधी पाय जागेवर आणा

संध्याकाळी जळगाव, भुसावळ, धुळे, कुठल्याही ग्राउंडवर जाऊन उभं राहा, पोरं येतात, बॅगा टाकतात आणि डायरेक्ट थ्री पॉइंटच्या लाइनवरून बॉल भिरकावायला लागतात. दहातला एखादा जातो, त्यावर आरडाओरडा होतो, बाकीचे नऊ का गेले नाहीत ते कोणी बघत नाही. मी पण सुरुवातीला तेच केलं, कोपर सरळ कर, मनगट मोड, सगळं हाताचंच घासत बसलो आणि शॉट काही बसेना, मग आमच्या सरांनी एक दिवस हातातून बॉलच काढून घेतला आणि म्हणाले, "आधी पाय दख, मंग बॉल." पंधरा दिवस नुसतं पळत यायचं, थांबायचं, उडायचं. तेव्हा राग यायचा, पण आज कोणाला शिकवायला घेतलं की मी पण तिथूनच सुरू करतो.

तर आधी उभं राहणं. पाय खांद्याएवढे लांब, उजव्या हाताने मारत असाल तर उजवा पाय थोडा पुढे, डाव्याचा अंगठा उजव्याच्या साधारण मध्यावर येईल एवढाच. पावलं एकदम नाकासमोर रिंगकडे ठेवायचा अट्टहास नको, किंचित डावीकडे वळली तरी चालतं, उलट त्याने उजवा खांदा आणि कोपर रिंगच्या रेषेत येतात आणि खांदा मोकळा राहतो. डावखुऱ्यांनी हे सगळं उलटं धरा. गुडघे वाकलेले आणि वजन चवड्यावर, टाचेखालून पेपरची पट्टी सरकवली तर ती अडकायला नको. कंबरेतून पुढे झुकतात पुष्कळ जण, त्याला वाकणं म्हणत नाही, गुडघ्यातून बसायचंय, पाठ सरळ.

आता खरी गोष्ट म्हणजे थांबणं. मॅचमध्ये तुम्हाला उभं राहून बॉल कोणी देत नाही, पळतानाच मिळतो, आणि त्या पळण्याचा वेग पायातच मारावा लागतो नाहीतर तो शॉटमध्ये उतरतो आणि बॉल बोर्डवर आदळतो. थांबायच्या दोन पद्धती. एक हॉप, म्हणजे छोटीशी उडी घेऊन दोन्ही पाय एकदम टेकवायचे, आवाज एकच आला पाहिजे, 'थप्प'. दुसरी वन-टू, उजव्या हातवाल्यांनी आधी डावा मग उजवा, आवाज 'थप-थप'. डोळे मिटून आवाज ऐका पाहिजे तर, हॉप करताना दोन आवाज आले की समजायचं एक पाय मागे राहिला. माझं मत विचाराल तर आधी वन-टू पक्कं करा, डावा पाय ब्रेकचं काम करतो आणि उजवा आपोआप पुढे येऊन बसतो. डाव्या बाजूला पळताना मात्र रिंग उजव्या हाताला राहते आणि वन-टू अवघड जातं, तिथे हॉप बरा.

यात ट्रॅव्हलिंगचा, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकायच्या चुकीचा, घोळ समजून घ्या. हॉपमध्ये दोन्ही पाय एकदम पडले तर कुठलाही पाय पिव्हट, म्हणजे जागेवर रोवून ज्याच्यावर फिरायचं तो पाय, करता येतो, वन-टूमध्ये जो आधी पडला तोच पिव्हट. फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने, ऑक्टोबर २०१७ पासून नियम बदललाय, पळताना बॉल हातात आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर आहे तो मोजत नाहीत, त्याच्यानंतर पडलेला पाय पहिला. आणि शॉटसाठी उडालात की बॉल सुटल्याशिवाय खाली यायचं नाही, आला तर शिट्टी.

गुडघे बॉल यायच्या आधी वाकलेले पाहिजेत, बॉल धरला मग वाकलो असं केलं की तेवढ्यात डिफेन्डर अंगावर येतो. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या क्ले थॉम्पसनने डिसेंबर २०१६ मध्ये इंडियानाविरुद्ध २९ मिनिटांत ६० पॉइंट मारले आणि पूर्ण मॅचमध्ये ड्रिबल, म्हणजे बॉल जमिनीवर आपटणं, किती तर ११ वेळा. बॉल आला की लगेच शॉट, कारण पाय आधीच तयार. पोरं एनबीएतल्याच स्टेफ करीचे लांबचे शॉट बघून ६.७५ मीटरच्या थ्री पॉइंट लाइनवरून सुरुवात करतात, त्यांना मी थॉम्पसनचे पाय बघायला सांगतो.

हाताचं थोडक्यात. बॉल बोटांवर, तळव्यात थोडी पोकळी, कोपर बॉलच्या खाली, डावा हात बाजूला नुसता टेकलेला. बॉल छातीपासून कपाळाच्या वर एका ओघात जायला पाहिजे, मध्येच अडकवून ठेवू नका, पायातला जोर तिथेच मरतो. उडीच्या टोकाला पोचता पोचता सोडा, खाली येताना सोडला तर तो नेहमी कमी पडतो. शेवटी तर्जनी आणि मधलं बोट बॉलला लागून सुटतात आणि मनगट रिंगकडे लोंबतं राहतं, बॉल नेटमध्ये पडेपर्यंत हात वरच ठेवा. डाव्या हाताचा अंगठा ढकलतोय का ते तपासायला बॉलला मधोमध काळा इलेक्ट्रिक टेप गुंडाळा आणि पट्टी उभी धरून मारा, ती हवेत सरळ उलटी फिरली तर ठीक, लटपटली तर अंगठा मध्ये आलाय.

आणि बॉल उंच जाऊ द्या हो. रिंग ४५ सेंटीमीटरची, मोठ्यांचा सात नंबरचा बॉल साधारण २४ चा. बॉल ४५ अंशाच्या कोनात उतरला तर त्याला रिंग ३२ सेंटीमीटरएवढी मोकळी दिसते, आणि ३० अंशात सपाट आला तर जेमतेम साडेबावीस, म्हणजे रिंगला न घासता तो जाऊच शकत नाही. उंची हाताने आणायला गेलं की खांदा भरून येतो, ती मांडीतून येते, म्हणून परत पायांवरच यावं लागतं.

लहान पोरांना एक सूट द्या. मिनी बास्केटबॉलला पाच नंबरचा बॉल आणि रिंग २.६० मीटरवर असते, पण शाळेच्या ग्राउंडवर बहुतेक ३.०५ चीच रिंग असते, मग नऊ-दहा वर्षांचं पोरगं कंबरेपासून दोन्ही हातांनी बॉल फेकायला शिकतं आणि ती सवय पुढे जाता जात नाही. त्यांना पाच नंबरचा बॉल द्या आणि भिंतीवर खडूने खूण करून त्यावर मारायला लावा, रिंगची घाई नको.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी साडेसातच्या आत उरकून घ्या, दुपारी सिमेंट तापतं आणि बॉल पण जास्त उसळतो. रिंगपासून दोन पावलांवर एका हाताने २५, मग एक पाऊल मागे, जिथे दहातले सहा जात नाहीत तिथून मागे सरकायचं नाही. नंतर फ्री थ्रो लाइनच्या आत पाच जागा, प्रत्येक ठिकाणी पळत येऊन थांबून दहा. कोर्टाच्या कडेला ओलं बारदान टाकून ठेवा आणि दर थोड्या वेळाने बूट त्यावर घासा, धुळीवरून पाय सरकला की वन-टूमधला ब्रेकच लागत नाही. माझा घोटा असाच गेला होता, थांबताना सरकलो आणि उतरलो दुसऱ्याच्या पायावर, दीड महिना घरी. उतरताना दोन्ही पाय एकदम, गुडघे मऊ, आणि खाली कोणी नाही ना एवढं बघा.

पण सकाळी कोर्ट झाडायच्या आधी एक काम करा. कोर्टावर रात्रीची बारीक धूळ बसलेली असते, त्यावर पहिले पाच शॉट मारा आणि वाकून ठसे बघा. उडालात तिथले दोन आणि उतरलात तिथले दोन, दुसरे पहिल्यांपेक्षा वीतभर पुढे असतील तर छान, डावीकडे किंवा मागे पडले असतील तर शॉट कुठे बिघडतोय ते तुम्हाला तिथेच दिसेल. मग झाडू घ्या.