'बी माय बेबी'चा ठेका कसा बसवायचा

न्यूयॉर्कच्या 'द रॉनेट्स' या मुलींच्या त्रिकुटाचं हे गाणं १९६३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणं सुरू होण्याआधीच ते ओळखू येतं, ते ड्रमवादक हॅल ब्लेन यांच्या ड्रममुळे.

लय मिनिटाला साधारण १३० मात्रांची. तोंडाने म्हणा: एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा, खर्जाचा ड्रम) 'एक'वर, 'दोन'नंतरच्या 'आणि'वर आणि 'तीन'वर. स्नेअर (काडीने वाजवायचा, कडक आवाजाचा ड्रम) फक्त 'चार'वर. 'दोन' रिकामा. सगळी जादू त्या रिकाम्या मात्रेत आहे! स्वतः ब्लेन सांगत, की तिथला ठोका चुकून हुकला आणि मग तसंच वाजवत राहिलो.

एरवी स्नेअर दोन आणि चार दोन्हींवर पडतो, म्हणून सवयीचा हात तिथे आपोआप उतरतो. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) ८० वर लावा, स्नेअरचा हात मांडीवर ठेवा, 'चार'लाच उचला. दोन मिनिटं न चुकता जमलं की लय दहाने वाढवा. 'आणि'वरचा ठोका बरोबर मधोमध हवा. तो 'तीन'कडे सरकला की ठेका लंगडतो.

मग घुमारा, म्हणजे आवाजामागे रेंगाळणारा प्रतिध्वनी. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत त्यासाठी सिमेंटच्या गिलाव्याची वेगळी खोली होती: आत स्पीकरवर आवाज सोडायचा आणि माइकने परत टिपायचा. घरी फरशीची न्हाणी चालते. स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवा, माइक समोरच्या कोपऱ्यात, दार बंद. आत स्नेअर, टाळ्या, कॅस्टनेट (चिपळ्यांसारखं छोटं वाद्य) सोडा. बास ड्रम नको. 'चार'नंतर पुढचा 'एक' अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, तेवढ्यात खर्जाचा घुमारा विरत नाही आणि सगळा गाळ होतो. टिपलेल्या घुमाऱ्यातून ३०० हर्ट्झखालचं काढून टाका. शेवटी सगळं मोनोत, म्हणजे एकाच ध्वनिमार्गावर, एकत्र करा, मूळ रेकॉर्ड मोनोच आहे.

त्रिकुटातला फक्त मुख्य गायिका रॉनी हिचाच आवाज रेकॉर्डवर आहे. मागे डार्लीन लव्ह, शेर वगैरे इतर गायिका गायल्या. तुमच्याकडे दोघीच असतील तर मागची ओळ तीनदा गाऊन थरावर थर चढवा, माइकपासून हातभर लांब राहून. प्रत्येक थरातला 'ब' एकाच क्षणी फुटला पाहिजे, नाहीतर शब्द पुसट होतात.

गाण्याच्या शेवटाकडे ड्रम पुन्हा एकटा उरतो. तिथे बाकी सगळ्यांना थांबवा, आणि 'दोन' तिथेही रिकामाच ठेवा.