रोजच्या हवेतला धोका ओळखायचा कसा?

आकाश धुरकट दिसलं की आपण हवेची चौकशी करतो, निळं दिसलं की विसरून जातो. पण सर्वात घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ओझोनसारखा वायू तर रखरखीत उन्हात, स्वच्छ वाटणाऱ्या दुपारीच जास्त तयार होतो. म्हणून धोक्याचा अंदाज नजरेने बांधू नका. हवेत काय आहे, त्यातलं आपल्या शरीरात किती जातं आणि ते शरीर किती सोसू शकतं, या क्रमाने विचार करा.

१. शरीरात काय जातं ते समजून घ्या

हवेतल्या कणांना पीएम म्हणतात आणि पुढचा आकडा त्यांचा मायक्रोमीटरमधला (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमाल आकार सांगतो. पीएम १० मधले मोठे कण बरेचसे नाकाघशात अडकतात. पीएम २.५ मात्र केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. त्यातून दाह सुरू होतो, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढते.

प्रदूषण म्हटलं की आपल्याला खोकला आणि दमा आठवतो. पण बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंमध्ये सर्वात मोठा वाटा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे माणसाला कर्करोग होतो, हेही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केलं आहे.

२. निर्देशांकाच्या आत डोकवा

हवा गुणवत्ता निर्देशांक म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी, असा समज आहे. प्रत्यक्षात प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा गुण काढतात आणि त्यातला सर्वात वाईट गुण निर्देशांक म्हणून दाखवतात. त्यामुळे आज आकडा कशामुळे वाढलाय, हे पाहा. शिवाय देशादेशांची मोजपट्टी वेगळी असते, म्हणून एकाच जागेसाठी दोन ॲप दोन आकडे दाखवू शकतात.

सरळ पीएम २.५ चं प्रमाण पाहिलेलं बरं. ते दर घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, असं देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाच्या सरासरीसाठी ५ आणि २४ तासांसाठी १५ ही मर्यादा सुचवली. जगातली जवळपास ९९ टक्के माणसं या संघटनेच्या मर्यादांपेक्षा वाईट हवेत श्वास घेतात. ज्याखाली अजिबात इजा होत नाही अशी पातळी सापडलेली नाही, म्हणून ‘समाधानकारक’ असा शेरा वाचून निर्धास्त होऊ नका.

३. तुमच्या वाट्याची मात्रा काढा

माझ्या मते ही पायरी सर्वात महत्त्वाची, आणि नेमकी हीच आपण गाळतो. शरीरात जाणारी मात्रा तीन गोष्टींवर ठरते: हवेतलं प्रमाण, दर मिनिटाला घेतलेली हवा आणि वेळ. शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो. जोरात धावताना हे प्रमाण कितीतरी पट वाढतं, शिवाय तोंडाने श्वास घेतल्यामुळे नाकाची गाळणीही टळते.

एक कागद घ्या आणि कालचा दिवस लिहून काढा. झोपलात कुठे, प्रवास किती वेळ आणि कशाने केला, स्वयंपाकघरात कोण किती वेळ होतं, व्यायाम कुठे केला. वर्दळीच्या रस्त्याला लागून हवा सर्वात वाईट असते आणि शे-दोनशे मीटर आत गेलं तरी वाहनांचा धूर बराच विरळ होतो. म्हणजे फिरायला जाणं थांबवायची गरज नाही, आतला रस्ता धरा. थंडीच्या पहाटे धूर जमिनीलगत कोंडून राहतो, तेव्हा थोडं उशिरा निघा. ओझोन जास्त असेल तर उलट दुपार टाळा.

घरातली हवाही मोजणीत धरा. लाकूड-कोळशाची चूल, तळणं, सिगारेट, डासांची कॉइल यांनी बंद खोलीतलं प्रमाण बाहेरच्यापेक्षा वर जाऊ शकतं.

४. जपायचं कुणाला?

मुलं वजनाच्या मानाने जास्त हवा घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. गरोदरपणात प्रदूषणामुळे बाळाचं वजन कमी राहण्याचा, वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. वृद्ध, दमेकरी, हृदयरोगी आणि मधुमेही यांनाही आधी जपा.

५. मात्रा कमी करा

सुरुवात धूर जिथून निघतो तिथून. स्वयंपाक करताना पंखा-चिमणी चालू ठेवा, कचरा जाळू नका, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. बाहेर हवा फारच वाईट असेल तर एन९५ मास्क वापरा. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढीवर तो नीट बसत नाही आणि वायू तर तो अडवतच नाही. साध्या कापडाच्या मास्कवर विसंबू नका. हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर हेपा फिल्टरचं (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं), खोलीच्या आकाराला पुरेल असं घ्या, आणि ओझोन सोडणारं कटाक्षाने टाळा. घरातल्या कुंड्यांनी मन प्रसन्न होतं, हवेत मात्र जाणवण्याइतका फरक पडत नाही.

६. शरीराची नोंद ठेवा

खोकला, धाप, छातीत घरघर कोणत्या दिवशी वाढते आणि त्या दिवशी पीएम २.५ किती होतं, हे शेजारी-शेजारी लिहा. काही आठवड्यांची अशी वही डॉक्टरांना दाखवली तर औषधाचा डोस ठरवायला त्यांना मदत होते. दमेकऱ्याने वाईट हवेच्या दिवसांत काय करायचं, हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्यावं आणि इनहेलर जवळ बाळगावा. छातीत दुखलं, बोलताना वाक्य पुरं होण्याआधीच धाप लागली किंवा चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडली, तर हवा सुधारायची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठा.