झाडीपट्टीच्या मंडपात सिक्वेन्सरला सिंथ मोड्यूल जोडताना

वडसा परिसरातील झाडीपट्टी नाटकांत सिक्वेन्सरवर (स्वरांचा क्रम साठवून तो आपोआप पाठवणारे यंत्र) बसवलेले संगीत सिंथ मोड्यूलमधून (सूचनांनुसार आवाज तयार करणारे यंत्र) वाजवायचे असेल, तर सिक्वेन्सरच्या मिडी (वाद्ययंत्रांनी एकमेकांना सूचना देण्याची पद्धत) आउटमधून निघालेली पाच पिनांची केबल मोड्यूलच्या मिडी इनमध्येच जायला हवी. या केबलमधून आवाज जात नाही. कोणता स्वर, केव्हा आणि किती जोराने वाजवायचा एवढ्याच सूचना जातात, म्हणून मोड्यूलपासून मिक्सरपर्यंत ऑडिओ केबल वेगळी लागते.

त्यानंतर चॅनेल तपासावे. मिडीच्या सूचना १६ स्वतंत्र चॅनेलवरून जातात; त्यांपैकी ज्यावर सिक्वेन्सर स्वर पाठवतो, तेच मोड्यूलवर निवडलेले असावे. मोड्यूलवरचा मिडीचा दिवा लुकलुकतो पण आवाज येत नाही, तेव्हा माझ्या अनुभवात दोष बहुधा इथेच सापडतो. जनरल मिडी (वाद्यांचे ठरावीक क्रमांक पाळणाऱ्या प्रमाणित पद्धतीच्या) मोड्यूलवर १० क्रमांकाचे चॅनेल तालवाद्यांसाठी राखीव असल्याने त्यावर पेटीची चाल पाठवल्यास ड्रम आणि झांजाच ऐकू येतात.

मिडी केबल १५ मीटरपेक्षा लांब नसावी. रात्रीच्या प्रयोगात अंधारात कुणाचा पाय लागून ती निसटली, तर स्वर थांबवण्याची सूचना मोड्यूलपर्यंत पोहोचत नाही आणि तो स्वर अडकून वाजत राहू शकतो. अशा वेळी केबल परत घट्ट बसवून सिक्वेन्सरवरून ‘ऑल नोट्स ऑफ’ ही सर्व स्वर थांबवण्याची सूचना पाठवावी.