कुत्र्याचं पिल्लू घरी यायच्या आधी पोटाची तयारी

बेड, पट्टा, खेळणी सगळे घेतातच, पण सगळ्यात आधी जिथून पिल्लू आणताय तिथे विचारून घ्या की ते आत्ता काय खातंय, दिवसातून किती वेळा, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, आणि लसीच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा. तेच खाणं निदान आठवडाभर पुरेल एवढं घरात हवं, कारण घरही नवीन आणि खाणंही नवीन म्हटल्यावर पोट बिघडणारच. बदलायचंच असेल तर ७ ते १० दिवस घ्या, आधी थोडंसं नवं आणि बाकी जुनं, मग निम्मं निम्मं, आणि मधेच शी पातळ झाली तर थोडं मागे या, घाई कसली आहे. गाईचं दूध नकोच, बऱ्याच पिल्लांना ते पचत नाही.

मग नॉर्मल शी कशी असते ते पहिल्या दिवसांतच नीट बघून ठेवा, तपकिरी, आकार धरलेली, उचलली की जमिनीला फारसं काही चिकटून राहत नाही अशी. लहान पिल्लू दिवसातून चार-पाच वेळा पण करतं, त्याला जुलाब म्हणायचं नाही. फोटो काढत जा, व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरांना) वर्णनापेक्षा फोटो जास्त कळतो (गॅलरी दुसऱ्याच्या हातात देताना तेवढं सांभाळा).

घरात डिजिटल थर्मामीटर, हातमोजे आणि झाकणाचा छोटा डबा असू दे. ताप गुदद्वारातून बघतात, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल. डबा शीच्या सॅम्पलसाठी, सॅम्पल ताजंच न्यायचं, लगेच जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत. जिआर्डिया (आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी) एका तपासणीत सापडेलच असं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी परत सॅम्पल मागितलं तर वैतागू नका. शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर तो बहुतेक टेपवर्म (चपटा, पट्टीसारखा जंत), आणि तो बऱ्याचदा पिसवांमधून येतो म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवा पण घालवायला लागतात. डोस वजनावर ठरतो, तो व्हेटलाच ठरवू द्या.

रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर आत्ताच सेव्ह करा. पिल्लू खेळतंय, खातंय, पाणी पितंय आणि एखाद्या वेळी शी पातळ झाली तर एक दिवस नजर ठेवली तरी चालतं. पण रक्त, काळीकुट्ट चिकट शी, उलट्या, खाणं सोडणं, मलूल पडून राहणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, विशेषतः लसी पूर्ण झालेल्या नसतील तर, कारण पार्वो (कुत्र्यांमध्ये पसरणारा जीवघेणा व्हायरस) असू शकतो आणि त्यात पिल्लू फार पटकन खचतं. हिरडी दाबून बघा, पांढरी झालेली जागा २ सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी, हिरड्या फिकट किंवा कोरड्या-चिकट वाटल्या तर लगेच निघा. उपाशी ठेवायचा सल्ला बरेच जण देतील, इतक्या लहान पिल्लाला ठेवू नका, रक्तातली साखर उतरते. आणि आपल्या कपाटातल्या गोळ्या अजिबात नाहीत, जुलाबाच्या नाहीत, तापाच्या तर नाहीच नाही.

पार्वोची शंका असेल तर निघायच्या आधी दवाखान्यात फोन करून सांगा, पिल्लू उचलूनच न्या, तिथे खाली सोडू नका. साध्या क्लीनरने हा व्हायरस जात नाही, घरातली जागा आधी धुवून मग ब्लीच लावावं लागतं, १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी, आणि १० मिनिटं तसंच ओलं राहू द्यायचं.