आधी रस्ता, मग प्लॉट : सिटीज् स्कायलाइन्समध्ये शहर कसं आखावं

हायवे शहराच्या मधून गेला की काय होतं, हे जळगावकराला वेगळं सांगावं लागत नाही. सुरतेकडून येणारे ट्रक, केळीच्या गाड्या आणि सायकलवर शाळेला निघालेली पोरं, सगळे अजिंठा चौफुलीवर एकत्र. २०१५ साली फिनलंडच्या कलॉसल ऑर्डर कंपनीने काढलेल्या 'सिटीज् : स्कायलाइन्स' या शहर वसवायच्या कॉम्प्युटर गेममध्येही नवखा खेळाडू पहिल्या तासात नेमकं हेच करतो. हायवेच्या टोकाला घरं, त्यांच्या पलीकडे कारखाने. मग कारखान्याचा प्रत्येक ट्रक घरांच्या गल्लीतून जातो.

म्हणून गेम सुरू होताच तो थांबवा. हातात गेममधले ७०,००० पैसे असतात, ते खर्चायची घाई नाही. आधी नदी कुठून कुठे वाहते ते बघा. आपल्या खेड्यात पिण्याचं पाणी वरच्या अंगाला भरतात आणि गुरं खालच्या अंगाला धुतात. तोच नियम इथे पाळा : पाण्याचा पंप वर, सांडपाण्याचा पाइप प्रवाहाच्या खाली. उलटं केलंत तर अख्खं गाव आजारी पडेल.

आता रस्ते. हायवेवरून एकच मोठा रस्ता आत घ्या. त्याला जोडणारे मधले रस्ते थोडे ठेवा आणि गल्ल्या त्या मधल्या रस्त्यांना जोडा, थेट मोठ्या रस्त्याला नको. गल्ली फुटली की चौक होतो, मोठ्या रस्त्यावर चौक झाला की बहुतेक वेळा सिग्नल येतो, आणि सिग्नल आला की रांग लागते. मोठ्या रस्त्याच्या कडेला झोनही (घरं, दुकानं किंवा कारखान्यांसाठी रंगवून राखलेली जागा) टाकू नका. गेममधली जमीन चौकोनांत मोजतात : दोन पदरी रस्ता दोन चौकोन रुंद असतो, सहा पदरी चार. पुढे रुंदीकरण करायची वेळ आली तर कडेची घरं पडतात.

गल्ल्यांमधलं अंतर मोजूनच घ्या. एक चौकोन आठ मीटरचा आणि झोन रस्त्यापासून चार चौकोनच आत जातो. म्हणजे दोन गल्ल्यांमध्ये आठ चौकोन सोडले की जागा वाया जात नाही. हे मनात बसवायला मला धुळ्याची आखणी उपयोगी पडली. १८१९ च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने नवं धुळं वसवलं. आजही तिथे गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच अशा सरळ समांतर ओळी आहेत. नवा माणूससुद्धा पत्ता विचारत फिरत नाही.

झोन टाकताना हिरवा म्हणजे रहिवासी, निळा व्यापारी, पिवळा औद्योगिक. उद्योगाला हायवेची स्वतंत्र जोडणी द्या आणि तो घरांपासून लांब ठेवा, कारण त्याचं प्रदूषण जमिनीत पसरतं. दुकानं घरं आणि उद्योगांच्या मध्ये चालतील, पण त्यांचा आवाज घरांना त्रास देतो. पुढे ऑफिस झोन उघडला की तो दुकानं आणि घरांच्या मध्ये घाला. त्याला ना धूर ना गोंगाट, मालाचे ट्रकही नाहीत.

स्क्रीनच्या खाली घरं, दुकानं आणि उद्योगांची मागणी दाखवणाऱ्या पट्ट्या असतात, त्या बघत थोडं थोडं वाढवा. एकदम शंभर प्लॉट हिरवे केलेत तर सगळे एकाच वयाचे रहिवासी येतात, एकत्र म्हातारे होतात आणि एकाच काळात मरतात. शववाहिका पुरत नाहीत आणि भरलेली घरं ओस पडतात. माझं पहिलं शहर असंच रिकामं झालं होतं, तेव्हा खरंच वाईट वाटलं.

तरीही कोंडी झाली, तर लगेच रस्ता रुंद करू नका. गेममधली गाडी पुढच्या वळणाप्रमाणे पदर आधीच धरते, म्हणून सहा पदरांतला एकच तुंबतो आणि बाकीचे मोकळे राहतात. कोंडीच्या पुढचा चौक शोधा. एखादी गल्ली तोडा, किंवा एकेरी रस्त्यांचं गोल सर्कल करा. रेल्वे मालधक्का बांधायचा असेल तर तो उद्योगांच्या पोटातच बांधा. भुसावळसारखं जंक्शन घरांच्या शेजारी हवंसं वाटेल, पण धक्क्यावर माल घेऊन येणारे सगळे ट्रक त्याच वाटेने येणार आहेत.