पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला कोणता चार्जर लावावा?

पेरणी आटोपली की मोठा ट्रॅक्टर अनेकांकडे थेट सोयाबीनच्या मळणीपर्यंत शेडमध्ये उभा राहतो. तेवढ्यात बॅटरी आपोआप उतरते आणि ऐन घाईत सेल्फ घेत नाही. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग कितीही चार्जिंग करा, पहिला जोर येत नाही.

म्हणून मीटर लावून बघा. ट्रॅक्टर काही तास बंद असताना 12.6 व्होल्ट किंवा जास्त दिसले तर बॅटरी भरलेली आहे. 12.4 दिसले की चार्जिंगला लावा. 12.2 म्हणजे निम्मी उतरली.

दुकानातला जुना जड चार्जर उतरलेली बॅटरी एका रात्रीत उठवतो, पण जपणुकीसाठी तो घेऊ नका. त्यात कट-ऑफ, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप बंद होण्याची सोय, नसेल तर बॅटरी भरल्यावरही करंट चालूच राहतो, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात आणि प्लेटा उघड्या पडतात. आपल्याला हवा फ्लोटवाला, म्हणजे भरलेली बॅटरी कमी व्होल्टवर नुसती राखणारा, ऑटोमॅटिक चार्जर. दुकानदाराला सरळ विचारा, "बॅटरी भरल्यावर किती व्होल्टवर धरून ठेवतो?" 13.5 ते 13.8 असे उत्तर आले तर तो कामाचा. आणखी एक विचारा, आणि गावात हे फार महत्त्वाचे: लाईट जाऊन आल्यावर तो आपोआप सुरू होतो का? काही चार्जरचे बटण पुन्हा दाबावे लागते.

करंटचा ढोबळ हिशोब बॅटरीच्या क्षमतेच्या (एएच, म्हणजे अँपिअर-अवर) दहाव्या भागाचा. 80 एएच बॅटरी भरायला 8 अँपिअर पुरे. नुसती राखायला 2 अँपिअरचाही चालतो.

फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 एएचची सीलबंद बॅटरी या मोठ्या चार्जरला कधीच जोडू नका. तिला तिचाच छोटा चार्जर. पंपात लिथियम आहे की लेड-अ‍ॅसिड, हे लेबल वाचून ठरवा. लिथियमचा चार्जर बहुधा 12.6 लाच थांबतो, त्यामुळे लेड-अ‍ॅसिड अर्धवट भरते. उलट, लिथियमला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लावणे तर धोक्याचेच.

चार्जिंगआधी झाकणाची बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर टाका, वरची भर चार्जिंग झाल्यावर. अ‍ॅसिड अजिबात नको. शेडचे दार उघडे ठेवा, जवळ बिडी-काडी नको, कारण निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो. चिमटे आधी जोडा, चार्जरचे बटण नंतर दाबा. काढताना आधी बटण बंद.