शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट वर्गाच्या कामी कसा आणावा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी एकटीच शिक्षिका आहे. पहिली ते चौथी मिळून 19 मुलं. "बाई, हे तुम्ही कसं शिकवता?" असं डोकावून विचारायला शेजारी दुसरा वर्गच नाही. म्हणून मोबाईलवरचा शिक्षकांचा गट मला फार मोलाचा वाटतो. पण त्यात दिवसभर डोकं घातलं की शिकवणं मागे पडतं, हेही अनुभवलंय. माझी जी पद्धत बसली आहे ती एकशिक्षकी शाळांतल्या शिक्षकांसाठी लिहिते.

आधी गट वेगळे करा: कार्यालयीन सूचनांचा एक, पालकांचा एक, शिकवण्याचा एक. सूचनांच्या गटात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय लावून घ्या. ती 2018पासून आहे. नाहीतर परिपत्रकाखाली इतके नमस्कार आणि धन्यवाद साचतात की परिपत्रक शोधावं लागतं. शिकवण्याचा गट लहानच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप एका गटात 1,024 जण घेऊ देतं, आम्ही अकरा आहोत. सत्तरी, डिचोली, पेडण्याचे शिक्षक आणि धारबांदोड्याचे एक सर. आपल्या वर्गात काय जमत नाही हे मोकळेपणी सांगता येईल, इतकीच माणसं हवीत.

आता प्रश्न कसा विचारायचा ते. "हातच्याची वजाबाकी कशी शिकवावी?" असं मोघम विचारलं की व्हिडिओंच्या दहा लिंका येतात आणि हाती काही लागत नाही. मुलाने नेमकं काय लिहिलं ते दाखवा. माझ्या वर्गात एकाने 52 वजा 27 बरोबर 35 लिहिलं. पुढचं गणितही तसंच. म्हणजे त्याची चूक धांदलीची नव्हती, त्याचा एक नियम होता: मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग तो वर असो की खाली. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वहीतली तेवढीच दोन गणितं मी गटात टाकली. पेडण्याच्या बाईंनी उलट विचारलं, "दशकाची जुडी कोण सोडतं? तुम्ही की तो?"

मीच सोडत होते. माडाच्या हिरांच्या, म्हणजे झावळीच्या काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या करून दशक मोडून मी दाखवायचे आणि मुलं बघायची. दुसऱ्या दिवशी पाच जुड्या आणि दोन सुटे हीर त्याच्यापुढे ठेवले आणि सात सुटे दे म्हटलं. तो थांबला, दोन हिरांकडे बघत राहिला, मग आपणच रबर काढून एक जुडी सोडली. तिसऱ्या दिवशी वहीत 25 आलं. हे गटात परत कळवायला विसरू नका. काय केलं, किती दिवस लागले, कोणाला अजून जमलं नाही, चार ओळी पुरतात. उत्तर देणाऱ्यालाही त्यातूनच कळतं की आपला उपाय दुसऱ्या वर्गात चालतो का. त्याच चार ओळी मी पाठ टाचणाच्या वहीत उतरवते.

गटातून आलेलं साहित्य छापण्याआधी आपल्या मुलांच्या कानांनी वाचा. महाराष्ट्रातून फिरत आलेल्या एका कार्यपत्रिकेत भोपळ्याचं चित्र होतं. पहिलीतल्या मुलीने लगेच सांगितलं, "दुदी!" कोकणीत ते बरोबरच आहे, तिच्या घरात भोपळ्याला दुदीच म्हणतात. पत्रिकेप्रमाणे मात्र तिचं उत्तर चूक, कारण मराठीतली दुधी वेगळी. असं मूल दोनदा चुकीचं ठरलं की तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. मी आता दोन्ही शब्द फळ्यावर लिहिते, मग मराठी शब्दाकडे येते.

वेळेचं सांगायचं तर वर्ग चालू असताना फोन कपाटात. मधल्या सुटीत फक्त सूचनांचा गट बघायचा, शिकवण्याचा गट संध्याकाळी अर्धा तास. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत ते पूर्वतयारीसह. त्यामुळे या अर्ध्या तासाचा मला संकोच वाटत नाही. वर्ग चालू असताना "ताबडतोब माहिती पाठवा" असा निरोप आला तरी ज्याचं वाचन चालू आहे त्याला पान पुरं करू द्या.

फोटोच्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली. वहीचं पान टाकताना कोपऱ्यातलं मुलाचं नाव तसंच राहिलं आणि ते फिरत त्याच्या आईपर्यंत पोचलं. मी घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नावावर कागद ठेवूनच फोटो काढते, आणि फोटोत मुलांचा चेहरा येऊ देत नाही.

पालकांच्या गटात मात्र लिहिण्यापेक्षा बोला, तेही कोकणीत. आमच्याकडे मुलं बरीचशी आजीकडे असतात आणि लांब मजकूर वाचायचा आजींना कंटाळा येतो. हिरांची गरज होती तेव्हा मी अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी सात घरांतून हीर आले. एका आजीने तर ते साफ करून, एका लांबीचे कापून, दहा-दहा मोजून बांधूनच पाठवले होते.